आधी ‘स्कायरिम’ घ्यावा की ‘द विचर ३’?

दोन्ही कल्पित जगात फिरायचे व्हिडिओ गेम, आणि दोन्हींचं जग अफाट आहे. प्रश्न एवढाच, की त्या जगात माणसं कुठे भेटतात?

‘स्कायरिम’मध्ये (२०११) डॉनस्टार आणि विंटरहोल्ड या गावांच्या मधल्या किनाऱ्यावर फ्रॉस्टफ्लो दीपगृह आहे. तिथे जायला कुणी सांगत नाही. आत एका बाईचं प्रेत आणि घरच्यांच्या डायऱ्या. त्या जुळवत गेलं की राखणदार हाब्दची इच्छा कळते: आपली राख दिव्याच्या आगीत जावी. तळघराखालच्या गुहेतल्या अजस्र किड्याच्या पोटातून त्याचे अवशेष आणून आगीत टाकले, की बरं करणारे मंत्र १० टक्के जास्त चालतात. लेखन अप्रतिम, पण हे ऐकायला गेममध्ये कुणी नाही. इथली मेलेली माणसं जिवंतांपेक्षा जास्त बोलतात. दार कुणालाच बंद ठेवायचं नाही, म्हणून विंटरहोल्डच्या जादूच्या विद्यालयात जवळजवळ सगळा वेळ तलवार चालवूनही तुम्ही प्रमुख जादूगार होता.

‘विचर ३’मध्ये (२०१५) वेलेन या प्रदेशाच्या बॅरनची, म्हणजे तिथल्या सरदाराची, क्वेस्ट (मोहीम) बघा. जन्माआधीच गेलेलं, नाव न ठेवता पुरलेलं मूल पिशाच होऊन उठतं. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात ना, त्याच जातीची ही लोककथा. त्याला मारता येतं, किंवा बॅरनलाच ते हातात धरून घराच्या उंबऱ्यापर्यंत न्यायला लावता येतं. वाटेत ते चवताळलं की अ‍ॅक्सी हा मनावर चालणारा मंत्र टाकून शांत करायचं, चालून येणारे प्रेतात्मे आपण अडवायचे. उंबऱ्याशी बाप त्याला नाव देतो, पुरतो, आणि तेच पिशाच घराचं राखण करणारा आत्मा होतं. भुताचा नियम आणि बापाचा अपराध एकाच प्रसंगात उलगडतात. जग आणि माणसं यांचा समतोल म्हणतात तो हा.

त्याची किंमतही आहे. नायक गेराल्ट ठरलेला आहे, तुम्हाला आपल्या मनाचं पात्र घडवता येत नाही. शिवाय त्याला मुलीसारखी असलेली सिरी संकटात असताना गावोगाव ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ खेळत बसलात, की कथेतली घाई खोटी वाटू लागते.

गोष्टीसाठी खेळत असाल तर आधी ‘विचर’च घ्या. व्हाइट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा भाग संपला की थेट बॅरनकडे जा, मॅपवरची प्रश्नचिन्हं नंतर. मात्र मध्ये महिनाभर खंड पडणार असेल तर ‘स्कायरिम’ बरा, तिथे धागा तुटत नाही. वापराल ते कौशल्य वाढतं, म्हणून १८पैकी पाच-सहाच धरा, नाहीतर प्रत्येक पात्र शेवटी एकसारखं होतं. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट उडी मारणं, टाळा. मोठ्या शहरांच्या तबेल्यापाशी घोडागाडी मिळते, २० नाण्यांत दुसऱ्या मोठ्या शहरात सोडते. आडवाटेची दीपगृहं मात्र पायी फिरणाऱ्यालाच सापडतात.