पुण्याच्या रस्त्यांवर २८ मिलिमीटरचे श्वाल्बे लुगानो टायर : दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

रोड बाइकवर हौसेने फिरणाऱ्या, शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाने टायरवर किती खर्च करावा आणि नेमका कशासाठी करावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या लुगानो २ या टायरमध्ये सापडले. ७०० x २८ सी मापाची, तारेच्या कडेची ही जोडी मी गेल्या दिवाळीनंतर बसवली आणि हिवाळा, एप्रिल-मेचे ऊन आणि यंदाचा संपूर्ण पावसाळा तिच्यावर काढला. माझे फिरणे बेताचेच आहे : सकाळी वारज्याहून एनडीए रस्त्याने खडकवासल्यापर्यंत, सुटीच्या दिवशी डोणजे किंवा पानशेतच्या दिशेने आणि अधूनमधून शहरातली कामे. वजन सत्तर किलोच्या थोडे पुढे आहे. हे आधीच सांगितले, कारण स्वाराचे वजन आणि रस्ता ठाऊक नसेल तर टायरबद्दलच्या कोणत्याही मताचा दुसऱ्याला फारसा उपयोग होत नाही.

सायकलबरोबर आलेले टायर २५ मिलिमीटरचे होते. रस्ता गुळगुळीत असेल तर त्या रुंदीत काहीच वावगे नाही. पण आपल्याकडे खोदून घाईने बुजवलेले चर, रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणे आणि सिमेंटच्या रस्त्यांमधले सांधे यांवरून जाताना अरुंद टायर रिमपर्यंत दबतो आणि रिमच्या दोन कडांमध्ये ट्यूब चिमटून तिला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. हे पंक्चर खिळ्याचे नसून हवेच्या कमतरतेचे असते आणि त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टायरची रुंदी वाढवणे. २५ वरून २८ वर गेल्यास फरक तीनच मिलिमीटरचा दिसतो, परंतु आतल्या हवेचे आकारमान साधारण चौथ्या हिश्शाने वाढते, त्यामुळे दाब कमी ठेवूनही टायर रिमपर्यंत बसत नाही. पूर्वी मी नव्वद पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास हवा भरत असे; आता मागे ७८ आणि पुढे ७२ ठेवतो. पुढच्या चाकावर भार कमी येत असल्यामुळे तिथे थोडी कमी हवा पुरते आणि मनगटांना बसणारे हादरे लक्षणीय कमी होतात. खडकवासल्याहून परतताना हाताच्या तळव्यांना येणाऱ्या मुंग्या मला या बदलानंतर जवळजवळ जाणवलेल्या नाहीत, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला वेगापेक्षा याचे मोल अधिक वाटते.

रुंद टायर घेण्यापूर्वी तो फ्रेममध्ये मावतो की नाही हे मात्र पाहिलेच पाहिजे. कॅलिपर ब्रेक असलेल्या जुन्या रोड बाइकमध्ये जागा फार कमी असते. आमच्या भागातल्या मेकॅनिकने यासाठी कोणतेही खास साधन काढले नाही. त्याने नवीन टायर चढवून हवा भरली, चार मिलिमीटरची ॲलन की घेतली आणि चाक हळूहळू फिरवत ती टायर आणि ब्रेक यांच्यातून, मग टायर आणि मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही नळ्यांमधून सरकवून पाहिली. एका ठिकाणी ती जराशी अडली तेव्हा त्याने चाकाचे आउट (फिरतानाची डगमग) काढून पुन्हा तपासले. की सगळीकडून मोकळी गेली तरच टायर ठेवायचा, नाहीतर २५ वरच थांबायचे, असे त्याचे म्हणणे होते आणि ते मला पटले. पावसात टायरला चिकटलेला खडा याच फटीत अडकतो.

मापाविषयी आणखी एक गोष्ट, कारण पुण्यात अजूनही अनेक घरांत वडिलांची किंवा आजोबांची काळी सायकल उभी असते. त्या सायकलचा २८ x १ १/२ इंचाचा टायर आणि रोड बाइकचा ७०० x २८ सी टायर यांत २८ हा आकडा सारखा असला तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जुन्या सायकलच्या रिमवर टायर जिथे टेकतो तो व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर रोड बाइकचा ६२२. टायरच्या बाजूवर २८-६२२ असा आकडा कोरलेला असतो. दुकानात तोच वाचून दाखवावा आणि तोच मागावा.

मी जोडीसाठी चार हजारांची मर्यादा ठरवली होती. या किमतीत मिळणाऱ्या टायरमध्ये सगळेच गुण एकत्र मिळत नाहीत, म्हणून कशावर पाणी सोडायचे हे आधी ठरवावे लागते. मी वजनावर सोडले. घडी होणाऱ्या टायरच्या कडेत ॲरामिड (केव्हलारसारखा मजबूत कृत्रिम) धागा असतो, स्वस्त टायरच्या कडेत पोलादी तार असते. तारेचा टायर जड असतो आणि प्रवासात जादा टायर सोबत ठेवायचा म्हटले तर त्याची घडी होत नाही, पण चालवताना मला दोन्हींत फरक कळत नाही. संरक्षक पट्टीवर मात्र मी तडजोड केली नाही. लुगानोमध्ये के-गार्ड नावाची, नैसर्गिक रबरात केव्हलारचे तंतू मिसळून केलेली पट्टी ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या, खाली असते. याच किमतीच्या आसपासचा काँटिनेंटलचा अल्ट्रा स्पोर्ट ३ हाही अतिशय लोकप्रिय टायर आहे आणि तो चांगला पळतो असे मित्रांच्या सायकलींवर अनुभवले आहे; परंतु त्यात अशी पट्टी नाही. ज्यांचा रस्ता स्वच्छ आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. सेवा रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या माझ्यासारख्याला काचा टाळता येत नाहीत.

त्या काचांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या टायरची खरी परीक्षा तिथेच झाली. फेरी संपल्यावर चाक हाताने फिरवत ट्रेडवर ओले फडके धरायची सवय मी लावून घेतली आहे. फडके जिथे अडकते तिथे बहुधा हिरवट काचेचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा रुतलेला असतो. तो सेफ्टी पिनने उकरून काढला की रबरात छोटा काप दिसतो आणि तळाशी पट्टी शाबूत असते. काच पहिल्याच दिवशी ट्यूबपर्यंत क्वचितच पोहोचते. ती रुतून राहते आणि प्रत्येक फेऱ्यासरशी आत सरकते, म्हणून ती त्याच संध्याकाळी काढण्याला महत्त्व आहे. या सगळ्या काळात मला पंक्चर झाले ते महामार्गाच्या कडेला, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटणाऱ्या केसाएवढ्या पोलादी तारेने. अशी तार या वर्गातल्या कोणत्याही पट्टीतून पार जाते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवावा. तारेचे टोक बोटाला लागत नाही, पण कापसाचे तंतू त्यावर हमखास अडकतात.

पावसाळ्यासाठी नक्षीदार, दातेरी टायर हवा असा सल्ला दुकानात वारंवार मिळतो. डांबरी रस्त्यावर त्याची गरज नाही. सायकलचा टायर इतका अरुंद असतो आणि वेग इतका कमी असतो की मोटारीप्रमाणे पाण्याच्या थरावर चाक तरंगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पकड येते ती रबराच्या प्रतीवरून आणि योग्य दाबावरून. जुलै-ऑगस्टमध्ये मी दोन्ही टायरची हवा पाचेक पीएसआयने कमी ठेवली आणि ओल्या डांबरावर वळताना पूर्ण विश्वास वाटला. गतिरोधकांवरचे पांढरे जाड पट्टे, लोखंडी झाकणे आणि शेवाळलेले पेव्हिंग ब्लॉक यांच्यावर कोणताही टायर घसरतो. तिथे सायकल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता पार व्हावे.

ट्यूबलेसचा, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचा, विचार मी फार वेळ केला नाही. त्यासाठी योग्य रिम लागते, आतला, छिद्रे बुजवणारा द्रव वेळोवेळी भरावा लागतो आणि एवढा खर्च माझ्या फिरण्याला शोभणारा नाही. त्याऐवजी उरलेल्या पैशांतून दाबमापक असलेला उभा पंप घेतला, आणि या किमतीतल्या टायरबरोबर हीच खरेदी सर्वांत आधी सुचवीन. पातळ ट्यूबमधून हवा आपोआप झिरपत असते, आठवड्याभरात फरक दिसतो आणि अंगठ्याने दाबून ७८ आणि ६० यांतला फरक कोणालाही सांगता येत नाही.

झीज अपेक्षेप्रमाणेच मागच्या टायरची जास्त आहे. त्याचा मधला भाग आता किंचित सपाट दिसू लागला आहे, बाजूंना मात्र भेगा किंवा उसवलेले धागे नाहीत; पुढचा अजून गोलाकार आहे. मागचा टायर निकामी होईल तेव्हा पुढचा मागे लावून नवीन टायर पुढे बसवणार आहे, कारण पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. तो नवीन टायरही हाच, याच मापाचा आणि तारेच्याच कडेचा घेईन.