आरक्लोन: ३२ जीबीच्या लॅपटॉपला खरंच परत कामाला लावणारं सॉफ्टवेअर

३२ जीबीवाले ते छोटे लॅपटॉप, ज्यांची ईएमएमसी चिप (डेटा साठवणारी, हार्ड डिस्कच्या जागी असलेली) बोर्डावरच सोल्डर केलेली असते म्हणजे मोठी एसएसडी टाकायचीही सोय नाही, ते लोक आता सरळ भंगारात काढतायत कारण विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, नाही ती फक्त जागा. जीव तुटतो हो बघून. माझ्याकडच्या अशाच एकावर मी विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं आणि वर आरक्लोन, आता तो रोज वापरात आहे.

आरक्लोन फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ३२ बिटवाल्या जुन्या प्रोसेसरसाठीसुद्धा मिळतं. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स वगैरे साध्या फोल्डरसारखं माउंट करून देतं, म्हणजे लॅपटॉपलाच जोडल्यासारखं दाखवतं, सगळ्या फाइल्स दिसतात पण डिस्कवर उतरत नाहीत, जी उघडाल तीच येते. कॅश म्हणजे उघडलेल्या फाइल्सची डिस्कवरची तात्पुरती साठवण, तिचा मोड 'फुल' ठेवला तर मोठ्या व्हिडिओचा जेवढा भाग बघितला तेवढाच साठवतं. सगळं आधी डाउनलोड करत बसणारे सिंक अ‍ॅप असल्या मशीनवर डिस्कच भरून टाकतात, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे.

पण एक सेटिंग केल्याशिवाय वापरूच नका. कॅशला मुळात साइजची मर्यादा नसते, ती व्हीएफएस-कॅश-मॅक्स-साइज (--vfs-cache-max-size) या सेटिंगने स्वतः द्यावी लागते, मी २ जीबी दिलीय. त्यातही उघडी असलेली फाइल ते काढून टाकत नाही, म्हणून मर्यादेच्या वर थोडी मोकळी जागा ठेवाच. सेव्ह केलेली फाइल बंद केल्यावर साधारण ५ सेकंदांनी अपलोड सुरू होतो, तेव्हा लगेच झाकण बंद करायची घाई नको.

काम सगळं टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करून, नवीन माणूस सुरुवातीला बिचकेल, पण कॉन्फिग कमांड एकेक प्रश्न विचारत जाते आणि लॉगिन ब्राउझरमध्येच होतं, एकदा बसून करून दिलं की घरातलं कोणीही वापरू शकतं. गूगल डॉक्सच्या फाइल्स मात्र माउंटमधून उघडताना कटकट करतात, त्या ब्राउझरमध्येच उघडा. आणि नेट गेलं की माउंट अडकतं, हे गृहीत धरूनच चाला, ऑफलाइन लागणाऱ्या दोन-चार फाइल्स वेगळ्या कॉपी करून ठेवा.

'सिंक' कमांड मात्र जपून, कारण मूळ जागी नसलेली फाइल ती दुसऱ्या बाजूने उडवते, आधी ड्राय-रन (काहीही न बदलता नुसती चाचणी) लावून काय होणार ते बघाच. साध्या बॅकअपला 'कॉपी' पुरते. कॉन्फिग फाइलला पासवर्डही लावा, त्यात लॉगिनचे टोकन (पासवर्डशिवाय आत जाऊ देणाऱ्या किल्ल्या) असतात आणि लॅपटॉप हरवला तर कोणीही थेट तुमच्या ड्राइव्हमध्ये शिरेल.