मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातला अडुळसा: कफाला उत्तम, पण दम्याच्या पंपाच्या जागी नाही

मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून आईसाठी अडुळशाची वाळलेली पानं आणि वासावलेह (अडुळशाचं चाटण) आणला. माल चांगलाय. पानं अजून हिरवट आहेत, सावलीत वाळवल्यासारखी, काड्या आणि भुगा फार कमी, उकळली की तो उग्र वास घरभर आणि चव कडूजहर. वासावलेहात पिंपळी घशाला जाणवते, तूपही आहे, पण साखर भरपूर असते तेव्हा डायबिटीस असेल तर बघूनच घ्या. दुकानातल्या काकांनी पुडी बांधायच्या आधी विचारलं, कोणासाठी नेताय ताई, घरात कोणी गरोदर नाही ना? हे मला फार आवडलं, कारण अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकाने गर्भाशय आकुंचन पावतं, गरोदरपणात तो नकोच.

आता दम्याचं. आईला जुना दमा आहे, पावसाळ्यात गाजरगवत माजलं की खोकला सुरू होतो तो दिवाळीच्या धुरापर्यंत पाठ सोडत नाही. तिच्या डॉक्टरांना विचारून काढा सुरू केला, श्वासातून घ्यायचा पंप (इनहेलर) होता तसाच चालू. कफ छान सुटायला लागला, रात्री झोप लागते आता, आणि ते पटण्यासारखंय कारण खोकल्याच्या सिरपमधलं कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे मुळात व्हॅसिसिनवरूनच बनवलंय. पण काढ्याच्या आधी आणि नंतर पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं यंत्र) फुंकायला लावलं तर काटा जवळपास तिथल्या तिथेच, आणि पंप घेतल्यावर थोड्याच वेळात चांगला वर गेला.

म्हणून अडुळशाने श्वासनळी सैल पडते असं दाखवणारे लॅबमधले प्रयोग खोटे ठरत नाहीत हं. तिथे गिनीपिगच्या श्वासनळीचा तुकडा 37 अंशांच्या क्षारद्रावणात, ऑक्सिजन सोडून जिवंत ठेवतात, हिस्टामिन नाहीतर ॲसिटिलकोलिन घालून तो स्नायू आकसवतात आणि मग वनस्पतीचा अर्क घालून किती सैल पडतो ते मोजतात. अडुळशातल्या व्हॅसिसिनोन या दुसऱ्या घटकाने श्वासनळी रुंदावते हे तर 1959 मध्येच 'नेचर'मध्ये छापून आलंय. पण तिथे औषध थेट स्नायूला लागतं, आपण प्यायलेला काढा पोट, आतडं, लिव्हर करत जातो, श्वासनळीपर्यंत त्यातलं किती पोचणार? पंपातलं सालब्युटामॉल मात्र श्वासाबरोबर सरळ तिथेच उतरतं. त्यामुळे कोणी म्हणालं की आता अडुळसा चालू केलाय, पंप बंद करूया, तर प्लीज ऐकू नका, दम्याचा अटॅक काढा उकळेपर्यंत थांबत नाही.

ओल्या खोकल्यासाठी मी परत इथूनच नेणार. भावही रास्त वाटला, पुडीवर नाव आणि तारीख लिहून देतात. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, मंडईच्या पार्किंगला लावून चालत जा, आणि संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळी गेलात तर काका नीट वेळ देतात.