चकाकीला भुलले आणि साडेआठशे डॉलर गेले: फायबरग्लास ट्रेलर घेतलेल्यांनी हे जरूर वाचा

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये राहतो. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही एक जुना तेरा फुटी स्कॅम्प घेतला, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचा, आत झोपायची आणि चहापाण्याची सोय असलेला ट्रेलर. मिनेसोटातल्या बॅकस नावाच्या छोट्या गावात बनणारा हा अंड्याच्या आकाराचा फायबरग्लासचा ट्रेलर. आईबाबा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी येणार होते आणि त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं होतं. बाबांना हॉटेलात झोप लागत नाही, आईला सकाळी स्वतःच्या हातचा चहा लागतो. म्हणून ट्रेलर.

ट्रेलर आतून ठणठणीत होता, बाहेरून मात्र निस्तेज. आई पहिल्यांदा त्याला टेकून उभी राहिली तेव्हा तिच्या जांभळ्या साडीवर पांढरा पट्टा उमटला. हात फिरवला की बोटांना खडूसारखी पूड लागायची. फायबरग्लासच्या वर जेलकोट नावाचा रेझिनचा थर असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की त्याचा पृष्ठभाग मरतो आणि त्याची अशी पूड होते. हे मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

आमच्या सोसायटीत ट्रेलर दारात कायम ठेवता येत नाही, तो भाड्याच्या स्टोरेजमध्ये असतो. सामान भरायला दोन दिवस घरी आणला होता. शनिवारी सकाळी एक माणूस पिकअप घेऊन आपणहून दारात आला. बोलायला अतिशय नम्र. म्हणाला, मी शेजारच्या गल्लीत एका बोटीचं काम करतोय, तुमचा ट्रेलर दिसला. याला आता सिरॅमिक कोटिंग (जेलकोटवर चढवायचा कडक, पारदर्शक संरक्षक थर) केलं नाही तर या उन्हाळ्यात जेलकोटला तडे जातील. भाव साडेनऊशे डॉलर, रोख दिले तर शंभर कमी, पाच वर्षांची गॅरंटी.

मग त्याने दाराशेजारी हातभर जागा पुसून त्यावर बाटलीतलं काहीतरी फासलं. ती जागा आरशासारखी चमकायला लागली. वर पाणी मारलं तर थेंबांचे मोती होऊन घरंगळले. मी तिथेच हरले.

ही युक्ती नीट समजून घ्या. उन्हाने मेलेला जेलकोट निस्तेज दिसतो, कारण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. त्या खाचांमध्ये कुठलंही द्रव भरलं, अगदी तेलसुद्धा, तरी चकाकी येते. शाळेतली दगडी पाटी ओली केली की काळीभोर दिसायची आणि वाळली की पुन्हा करडी व्हायची, तोच प्रकार. आणि पाण्याचे मोती तर साध्या मेणावरही होतात. त्यावरून सिरॅमिक आहे की नाही हे कळतच नाही.

माझे बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये रंगकामाला होते. आयुष्यभर बसचे पत्रे घासले त्यांनी. ते अंगणात खुर्ची टाकून सगळं काम बघत होते. थोड्या वेळाने मला आत येऊन म्हणाले, "अगं, हा घासत कुठंय? नुसता पुसतोय. त्याचं फडकं बघ, पांढरं होतच नाहीये."

मी म्हणाले, "बाबा, इथलं तंत्र वेगळं असतं."

ते गप्प बसले. ते वाक्य मी परत घेऊ शकले असते तर किती बरं झालं असतं.

अडीच तासांत काम संपलं. माझ्या हातात एक कार्ड आलं, मागे पेनाने लिहिलेलं, 'पाच वर्षं'. पावती नाही, वापरलेल्या मालाचं नाव नाही. मे महिन्यात ग्रँड कॅन्यनला जाऊन आलो. तिथल्या माथर कॅम्पग्राउंडवर दोघा-तिघांनी ट्रेलरचं कौतुक केलं आणि मला वाटलं, पैसे वसूल झाले.

मग तो उन्हाळा आला. ३० जूनपासून फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअसला किंवा त्याहून वर गेला. ऑगस्टमध्ये आम्ही स्टोरेजमध्ये गेलो तर ट्रेलरच्या छताच्या कडा पिवळ्या पडलेल्या आणि पुढच्या बाजूला पापुद्रे सुटलेले, जळालेल्या कातडीसारखे. नखाने ओढलं की पारदर्शक पट्टी निघायची, तिच्या मागच्या बाजूला तीच पांढरी पूड चिकटलेली. कार्डावरचा फोन बंद होता.

स्टोरेजमध्येच एका वयस्कर गृहस्थांचा असाच ट्रेलर असतो. त्यांनी एका पापुद्र्यावर फरशीचं पॉलिश काढायचं अमोनियावालं द्रव लावलं. क्षणात तो दुधी झाला आणि पुसून निघाला. त्यांनी सांगितलं, हे फरशीला लावतात ते अ‍ॅक्रिलिक पॉलिश आहे. खरं सिरॅमिक असं पुसून निघत नाही, ते घासूनच काढावं लागतं. काही ट्रेलरवाले हे पॉलिश जाणूनबुजून लावतात आणि त्यात गैर काही नाही, पण आधी मेलेला थर पूर्ण काढून, पातळ हात देऊन आणि पुढेही वेळोवेळी नवा हात देऊन. पुडीवर फासलेलं पॉलिश जेलकोटला धरणार तरी कसं?

खरं काम कसं असतं ते आता सांगते, म्हणजे कोणी दारात आलं तर तुम्हाला ओळखता येईल. आधी धुणं. मग कंपाउंड (घासायची कणीदार पेस्ट) आणि लोकरीचा पॅड लावलेल्या बफिंग मशीनने दोन-दोन फुटांचा तुकडा घासणं. पॅड सारखा पांढरा होतो, सारखा साफ करावा लागतो, कपड्यांवर धूळ बसते. फारच खराब असेल तर त्याआधी बारीक पॉलिश पेपरने पाणी मारत घासतात. मग बारीक पॉलिश आणि सगळ्यात शेवटी मेण, सीलंट किंवा सिरॅमिक. हे सगळं सावलीत, ट्रेलरचं अंग थंड असताना. एकट्या माणसाला तेरा फुटी ट्रेलरलाही एक-दोन दिवस सहज लागतात. खरं सिरॅमिक लावल्यावर त्याला निदान दिवसभर पाणी लागू देत नाहीत. आमच्या माणसाने तर अर्ध्या तासात पाणी मारून दाखवलं होतं.

एक चाचणी मागाच. ट्रेलरच्या एखाद्या निस्तेज भागाच्या मध्यावर चिकटपट्टी लावा, एका बाजूला फक्त घासायला सांगा, वर काही लावू देऊ नका. मग ती बाजू पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चकाकी टिकली तर ती जेलकोटची. गेली तर ती बाटलीतली होती. जुना ट्रेलर विकत घेतानाही हेच करा, विकणारेही आदल्या दिवशी तेलकट काहीतरी फासतात.

कायद्याचंही मला उशिरा कळलं. अमेरिकेत कोणी आपणहून घरी येऊन २५ डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा सौदा केला, तर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो आणि विक्रेत्याने तसा रद्द करण्याचा फॉर्म द्यायला हवा. दुरुस्तीसाठी तुम्हीच बोलावलं असेल तर मात्र हा हक्क लागू नाही. फॉर्म नाही, पावती नाही, म्हणजे तिथेच थांबा. मी रोख दिले होते, त्यामुळे क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार करायची वाटही बंद झाली. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार नोंदवली आहे. पैसे मिळालेले नाहीत.

बाबांनी सप्टेंबरमध्ये परत जायच्या आधी स्टोरेजमध्ये येऊन मला मशीन धरायला शिकवलं. "दाब देऊ नको, मशीनच्या वजनानंच होऊ दे. कडेला जपून, तिथं थर पातळ असतो." नोव्हेंबरात ऊन उतरल्यावर मी आणि नवऱ्याने चार शनिवार-रविवार खर्ची घातले. पिवळं पॉलिश काढायलाच त्यातले दोन गेले. दाराची बाजू आणि पुढचा भाग झाला आहे, काळी ओढणी घासली तरी डाग पडत नाही. छताची मागची बाजू अजून बाकी आहे. तिथले पापुद्रे निघाले की मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवणार आहे.