प्रकाशन समारंभ की गावोगावची वाचनालयं?

पुस्तक छापून आलं की लेखकाला आधी सभागृह आठवतं. भाडं, पाहुण्यांचा प्रवासखर्च, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, वर चहा-बटाटेवडा. खिसा तिथेच रिकामा. समोर बहुतेक नातेवाईक, आणि त्यांना पुस्तक भेटच हवं असतं! पदरात पडतात फोटो, फार तर स्थानिक पेपरात बातमी.

त्यापेक्षा वाचनालयं धरावीत. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की त्यांना वक्ता हवाच असतो. महिनाभर आधी ग्रंथपालांना फोन करावा. खर्च एसटीच्या तिकिटाचा. पिशवीत वीसेक प्रती, पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड, थोडे सुट्टे पैसे. दहाच मिनिटं वाचावं आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबावं. उरलेलं वाचायला लोक प्रत घेतात, सही मागतात. तिथेच त्यांना विचारून व्हॉट्सअॅप नंबर घ्यावेत, पुढच्या पुस्तकाला कामी येतात.

हा मार्ग संथ आहे, हे खरं. शिवाय सरकारी अनुदान रखडलं की वाचनालयाने घेतलेल्या प्रतींचं बिलही रखडतं. समारंभ करायचाच, तर शाळेचा हॉल फुकट मिळतो का बघा आणि शाली गाळा.