एन्टूम्ड: आधी ‘क्रॉल’ घ्यावी की ‘क्लँडेस्टाइन’?

स्वीडनच्या एन्टूम्ड या डेथ मेटल (जड गिटार आणि घोगऱ्या गळ्याचं संगीत) बँडच्या या दोन्ही रेकॉर्डी १९९१ च्या, दोन्ही नॉटिंगहॅमच्या इअरेक लेबलच्या, आणि दोन्ही स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने ध्वनिमुद्रित केलेल्या. ‘क्रॉल’ ही सिंगल, म्हणजे मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, आधी आली, ‘क्लँडेस्टाइन’ हा अल्बम त्याच वर्षी नोव्हेंबरात. अल्बमवर ‘क्रॉल’ हे गाणं आहेच, मग त्याच गाण्यासाठी पुन्हा वेगळे पैसे का मोजायचे, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: गाणं तेच असलं तरी गाणारा वेगळा आहे, आणि सिंगलचं सगळं मोल त्या गाणाऱ्यात आहे. ते मोल तुमच्यासाठी किती, हे तुमच्या कपाटात आज काय आहे त्यावर ठरेल.

थोडी पार्श्वभूमी लागेल. निहिलिस्ट हा पोरासोरांचा बँड १९८९ मध्ये मोडला आणि त्यातूनच एन्टूम्ड उभा राहिला. १९९० चा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा त्यांचा पहिला अल्बम. त्यात लार्स-गोरान पेत्रोव गायला, आणि स्वीडिश डेथ मेटल म्हटलं की अनेकांच्या कानात आजही आधी त्याचाच आवाज उभा राहतो. १९९१ मध्ये बँडचं आणि त्याचं बिनसलं, त्याला काढलं गेलं. नवा अल्बम तोंडावर आलेला आणि गायकाची जागा रिकामी. त्या मधल्या काळातली नोंद म्हणजे ‘क्रॉल’. या सिंगलसाठी निर्वाना २००२ या स्वीडिश बँडचा ऑर्वार सेफस्ट्रॉम गायला. (सिअ‍ॅटलच्या प्रसिद्ध निर्वाना बँडशी याचा काही संबंध नाही. हाच सेफस्ट्रॉम पुढे स्वीडनमध्ये चित्रपट समीक्षक आणि टीव्ही निवेदक म्हणून नावाजला.) पण अल्बम येईपर्यंत तोही नव्हता. ‘क्लँडेस्टाइन’वर नाव छापलंय जॉनी दॉर्देविचचं, प्रत्यक्षात गायलाय ड्रमर निके आंदेर्सोन. अल्बम बाजारात आला तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

आता दोन्ही ‘क्रॉल’ लागोपाठ लावून ऐका. एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकताना जसं रागापेक्षा गळ्याकडे लक्ष जातं, तसंच इथे होतं. सेफस्ट्रॉमचा ग्रोल, म्हणजे गुरगुरल्यासारखं गाणं, पोटातून येतो. तो खोल, जाड आहे आणि शब्द एकमेकांत मिसळवत गिटारच्या खालच्या पट्टीत जाऊन बसतो. त्यामुळे आवाज हा जणू आणखी एक वाद्य होतो, आणि गाणं होतं त्याहून जड वाटायला लागतं. निकेचा आवाज वरच्या अंगाचा, खरखरीत, ओरडण्याकडे झुकणारा. त्याचे शब्द कळतात, आणि ड्रमचे ठेके जिथे तुटतात नेमके तिथेच त्याची ओळही तुटते. दोन्ही कामं एकाच माणसाची असल्याने ते साहजिकच आहे. निव्वळ या गाण्यापुरतं विचाराल तर मला सिंगलवरचं ‘क्रॉल’ जास्त भावतं. अख्ख्या अल्बमभर मात्र निकेचाच आवाज योग्य, कारण ‘क्लँडेस्टाइन’ची गाणी गुंतागुंतीची आहेत. दर अर्ध्या मिनिटाला लय बदलते, आणि त्या गर्दीत खोल ग्रोल हरवून गेला असता.

सिंगलवर आणखी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिच्यावर ‘बिटर लॉस’सुद्धा आहे. हे गाणं पेत्रोवच्या आवाजात ‘लेफ्ट हँड पाथ’वर आलेलं, इथे ते सेफस्ट्रॉम गातो. म्हणजे या एका छोट्या रेकॉर्डमुळे मागच्या अल्बमशी एक तुलना होते आणि पुढच्याशी एक. तिसरं गाणं ‘फॉरसेकन’. ते ‘लेफ्ट हँड पाथ’वर नाही आणि ‘क्लँडेस्टाइन’वरही नाही. ज्यांच्याकडे पहिला अल्बम आहे आणि जे तो मन लावून ऐकतात, त्यांनी सिंगलसाठी पैसे घालायला कचरू नये असं मला वाटतं ते यामुळे.

गिटारचा आवाज हा काही निवडीचा मुद्दा नाही, कारण दोन्हीकडे सनलाइटचाच करवतीसारखा आवाज आहे. बॉस कंपनीचा एचएम-२ हा काळा पेडल (गिटारचा आवाज फाडणारी, पायाने चालू करायची डबी), त्याला चार बटणं, आणि चारही शेवटपर्यंत फिरवलेली, हे या आवाजाचं मूळ. हा पेडल १९९१ च्या सुमारास बनणं बंद झालं. पुढे जगभरच्या बँडनी तो जुन्या बाजारातून शोधून शोधून घेतला, तेव्हा २०२१ मध्ये बॉसने त्याची नवी आवृत्ती काढली.

व्हिनाइल, म्हणजे तबकडी, म्हणून मात्र दोघींत खरा फरक आहे. ‘क्लँडेस्टाइन’मध्ये नऊ गाणी, चाळीस मिनिटांहून जास्त संगीत. ‘क्रॉल’ सातवं, सहा मिनिटांहून मोठं, म्हणजे दुसऱ्या बाजूला. एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या वर माल भरला की खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते. शिवाय सुई लेबलच्या जवळ सरकते तशी तिच्याखालून दर सेकंदाला कमी लांबीची खाच जाते, आणि झांजांचा चरचरीतपणा सगळ्यात आधी तिथे बिघडतो. सिंगलला ही अडचण नाही. जागा ऐसपैस असल्याने खाचा रुंद कापता येतात. साध्या, स्वस्त सुईवरही हा फरक ऐकू येतो, उलट तिथे जास्तच.

अल्बमच्या बाजूने दोन भक्कम गोष्टी. पहिली म्हणजे मुखपृष्ठ. चित्रकार डॅन सीग्रेव्हचं चित्र बारा इंचांत पाहण्यासाठीच आहे, फोनवर ते कळत नाही. दुसरी, ‘क्लँडेस्टाइन’ पुन्हा पुन्हा छापला गेलाय. इअरेकने तो ‘फुल डायनॅमिक रेंज’ मालिकेतही काढला, ज्यात मास्टरिंग (छापण्याआधी ध्वनीवर फिरवलेला शेवटचा हात) करताना आवाज दाबून सपाट केलेला नसतो. जुनी मूळ प्रत हौसेने घ्यायची तर घ्या, पण नुसतं ऐकायचं असेल तर ही आवृत्ती मिळाल्यास तीच घ्या. ‘क्रॉल’ची जुनी प्रत म्हणजे तीस वर्षांहून जास्त वापरलेली वस्तू, तिची हालत विकणाऱ्याच्या शब्दावर सोडायची.

एक तिसरी वाटही आहे. १९९७ मध्ये ‘एन्टूम्ड’ याच नावाने एक संकलन निघालं, त्यात सिंगलवरची तिन्ही गाणी आहेत. सेफस्ट्रॉमचा आवाज ऐकणं एवढाच हेतू असेल तर ती सीडी पुरते. व्हिनाइलचा हट्ट नसणाऱ्यांना मी आनंदाने तीच सुचवेन.

तर, या बँडकडे पहिल्यांदाच वळत असाल तर अल्बम घ्या, तोही ‘लेफ्ट हँड पाथ’ ऐकून झाल्यावर. तो आधी ऐकलात तर ‘क्लँडेस्टाइन’मध्ये बँड किती पुढे गेला ते कळतं. दोन्ही अल्बम घरात असतील तर आता बेधडक सिंगल घ्या, तिसऱ्या एखाद्या बँडच्या नव्या रेकॉर्डवर तेच पैसे घालण्याआधी. पेत्रोव मार्च २०२१ मध्ये गेला. त्याचा आवाज नसलेला हा काळ काहीजण आजही बाजूला टाकतात. तसं करणं म्हणजे एन्टूम्डची सर्वांत धाडसी रचना वगळणं आहे, ते करू नका.

मुंबई-पुण्यात बसून सिंगल मागवणार असाल तर ती बहुधा परदेशातल्या विक्रेत्याकडूनच येणार. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून रेकॉर्डच्या किमतीइतकीच भर पडू शकते, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन रेकॉर्डी एकत्र मागवा. पैसे भरण्याआधी लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा आणि तिन्ही गाण्यांची नावं स्वतः वाचून घ्या, कारण जुन्या सिंगलची गाणी आवृत्तीगणिक कमी-जास्त असतात. ‘बिटर लॉस’ नसलेली प्रत पूर्ण किमतीला घेऊ नका. तबकडी तिरक्या प्रकाशात धरून काढलेला फोटोही मागा. समोरून काढलेल्या फोटोत चरे दिसत नाहीत.