जांभळी नाक्यावरून घेतलेलं फलालीन

आजी ज्याला फलालीन म्हणायची तेच हे फ्लॅनेल, आमच्या घरी ते फक्त बाळाची झबली-दुपटी शिवण्यापुरतंच यायचं. बहिणीच्या बाळासाठी म्हणून ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानात गेले, आणि कापडाला हात लावल्यावर सोडवेचना म्हणून माझ्या शर्टासाठी पण अडीच मीटर घेतलं, निळ्या-करड्या चेक्सचं.

बऱ्याच जणांना वाटतं चेक्सचा शर्ट म्हणजे फ्लॅनेल, तसं नाहीये, प्लेन पण असतं, खरी गंमत त्या लवेत आहे. दुकानातल्या काकांनी कापड उजेडात आडवं धरून दाखवलं तेव्हा ती बारीक लव दिसली, विणून झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून धागे वर काढतात आणि त्यात हवा अडकून राहते म्हणून ऊब येते. मूळचं हे वेल्समधलं लोकरीचं कापड, आपल्याकडे जास्त करून सुती मिळतं, आणि ठाण्याच्या हवेला सुतीच बरं.

काका म्हणाले, ताई, शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढा, आटतं. काढलं, खरंच आटलं! आधी ऑनलाइन मागवलेल्या शर्टावर महिन्यात गोळे आले होते, ह्याला दोन हिवाळे झाले, कोपराशी लव थोडी बसलीये एवढंच. डिसेंबरात पहाटे येऊरला चालायला जाताना आणि एसी लोकलमध्ये रोज हाच अंगात असतो, मे महिन्यात मात्र अजिबात नको. बाळाचं दुपटं तर धुऊन धुऊन अजूनच मऊ झालंय, ते घेतल्याशिवाय झोपतच नाही पठ्ठ्या.